खोटं गिऱ्हाईक

सोमवार, ३ नोव्हेंबर

पेढे खाल्ले. दोन! कामाचे होते म्हणून खाल्ले, पण हे बायकोला, शेवंतीला, सांगून पटायचं नाही. म्हणून इथे लिहितो.

कल्याणच्या मिठाईच्या दुकानात आज माझी तपासणी होती. साधं गिऱ्हाईक म्हणून आत जायचं, चव मागायची, माणूस हातमोजे घालून देतो का ते बघायचं. त्याने घालून दिला. वर म्हणाला, "काका, केशराचा पण बघा." नको कसं म्हणणार? साखरेचा आजार असलेला माणूस या कामाला चालत नाही. मितेशने पहिल्याच दिवशी विचारलेलं, "काका, तब्येत फिट ना? फिरायचं काम आहे." मी म्हणालो, "एकदम फिट." खोटं तिथूनच सुरू झालं.

मितेश आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मोठ्या कंपन्या त्याला सांगतात, आमच्या दुकानातली माणसं नीट वागतात का ते गुपचूप बघून कळवा. मितेश माणसं पाठवतो. मला म्हणाला, "म्हातारा माणूस बेस्ट. कुणाला डाऊट येत नाही." मी जन्मभर कारखान्याच्या गेटवर होतो. सुटणाऱ्या पाळीच्या पिशव्या, डबे तपासले. पण ते तोंडावर, सगळ्यांदेखत! आता लपून तपासतो. पैसे मिळतात, औषधांचं भागतं. तरी बरं वाटत नाही.

सातवी शिकलेल्या माणसाला या वयात काम लागलं म्हणून शेवंतीने देवापुढे साखर ठेवली होती. ती साखरसुद्धा मला दिली नाही!

बुधवार, ५ नोव्हेंबर

डाव्या करंगळीखालचा फोड फुटला. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नसणार. पावडर टाकून मोजा चढवला. शेवंतीला कळलं तर उद्याचं माजिवड्याचं काम बंद.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

माजिवड्याचं दुकान बुटांचं. भलं मोठं, आत गारेगार. मितेशने तीन प्रश्न पाठ करून घेतले होते — दुसरा रंग आहे का, परत घेता का, ऑफर काय चालू आहे. बसमध्ये घोकत गेलो. शाळेत कविता घोकायचो तसं.

एक मुलगी पुढे आली. छातीवर नाव लावलेलं — ब्रेंडा. नाव नंतर कळवावं लागतं म्हणून मी ते दोनदा वाचलं.

"या आजोबा, बसा आधी. पाणी देऊ?"

पाणी प्यायलो आणि तिन्ही प्रश्न एका दमात विचारून टाकले. न जाणो, विसरलो तर! ती हसली. तिन्ही उत्तरं दिली. मग खाली बसली, माझी सँडल काढली, आणि मी नको म्हणेपर्यंत मोजाही काढायला घेतला. मोजा निघेना. चिकटला होता. तिने थोडं पाणी लावून हळूहळू सोडवला. आतून लाल-काळा.

"आजोबा, हे दुखत नाही?"

"नाही गं."

"शुगर आहे ना?"

मी पाय मागे घ्यायला लागलो.

"मग आज तुम्हाला बूट देणार नाही मी. बंद बूट तर अजिबात नाही. इथून सरळ डॉक्टरकडे जायचं."

"अगं, पण मला घ्यायचेत!"

"घ्या की! पाय बरा झाला की या. दुकान काय पळून जातंय?"

दुकानातल्या औषधाच्या पेटीतून पट्टी आणून तिने बांधली. परक्या पोरीने माझा पाय मांडीवर घेतला. कुठे बघावं मला कळेना. मोजा पिशवीत घालून हातात दिला. दारापर्यंत सोडायला आली.

घरी येऊन फोनवर फॉर्म भरला. 'सर' म्हणाली का — नाही. महागातला माल दाखवला का — नाही. सोबत मोजे, पॉलिश घ्या म्हणाली का — नाही. जे खरं ते लिहायचं. शेवटी मनाचं लिहायला जागा असते. तिथे एकेक अक्षर शोधत लिहिलं — मुलगी फार चांगली. बूट देणार नाही म्हणाली. घरच्यासारखी बोलली.

पायाचं लिहिलं नाही. ते कशाला?

बक्षीस मिळेल पोरीला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डॉक्टरकडे गेलो नाही. उद्या जाईन.

सोमवार, १० नोव्हेंबर

मितेशचा फोन. "काका, तुमच्या रिपोर्टने कंपनीत बोंब झालीय! बूट देणार नाही म्हणजे काय? डायरेक्ट नकार?"

मी म्हणालो, "अरे, चांगलं म्हणून लिहिलंय मी ते."

"चांगलं कसं, काका? गिऱ्हाईक बूट मागतंय, पोरगी देत नाही! काही कारण होतं? तुम्हाला काही झालेलं तिथे? ते विचारतायत."

शेवंती ओट्याशी कणीक मळत होती. हात थांबले होते तिचे. कान इकडे.

"कारण असं काही नव्हतं," मी म्हणालो.

"नक्की ना? मी तसंच पुढे कळवतो."

"हो."

एवढंच बोललो. शेवंतीने विचारलं, "कसलं कारण?" म्हटलं, "कामाचं आहे." ती पुन्हा कणीक मळायला लागली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अन्न गोड लागत नाही. तिला ओरडतील फार तर. दुकानदार माणूस ओरडतो आणि विसरतो. गेटवर मी किती जणांना ओरडलो असेन!

पण मी कधी खोटा चोर पकडला नव्हता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

राहवलं नाही. कुणी पाठवलं नव्हतं तरी माजिवड्याला गेलो. शेवंतीला सांगितलं, नवीन काम आहे. आणखी एक खोटं.

ब्रेंडा दिसली नाही. एक पोरगा धावत आला. "वेलकम सर!" सगळ्यात महागाचा जोड काढून दाखवला. सोबत मोजे, सोबत पॉलिश, सोबत आतली गादी. माझ्या पायाकडे त्याने बघितलंही नाही. याला पैकीच्या पैकी मार्क पडले असते!

मी भीतभीत विचारलं, "ती ब्रेंडा असते ना इथे?"

"ती? काढलं तिला. चेकिंगवाला आलेला कोणतरी, त्याने वाट लावली." मग आवाज खाली आणून, "म्हातारा होता म्हणे. म्हाताऱ्यांना बसून काय काम असतं, सर?"

"कुठे राहते ती?"

"बाळकुम गावात. क्रॉस आहे ना, त्याच्या मागे. का सर, ओळखीची?"

"हो," म्हणालो.

बाहेर येऊन मॉलच्या पायरीवर बसलो. वॉचमन म्हणाला, "बाबा, इथे बसायचं नाही." उठलो. त्याचं बरोबर होतं, मीही उठवलं असतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शेवंती म्हणाली, "कसला वास येतोय हो?"

"मोज्यांचा."

"मोजे कालच धुतलेत मी."

पायाची बोटं काळपट दिसतायत. अजूनही दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज दोन कामं केली. आधी खाली मितेशकडे गेलो आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. माझा पाय कुजलेला होता, पोरीने म्हणून बूट दिले नाहीत, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो.

मितेश कपाळाला हात लावून बसला. "काका, काय केलंत हे! मी पुढे कळवलंय. कंपनी मला विचारणार, असली माणसं पाठवता? शुगरचं मला सांगायला काय झालेलं?"

"काम दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

"म्हणून."

त्याने फोन हातात घेतला. मग म्हणाला, "आता हे कळवलं तर तुमचं काम बंद. माझंही त्या दुकानाचं काम जाऊ शकतं. आणि त्या पोरीला परत घेतीलच असं काही नाही. तरी कळवू?"

"कळव."

त्याने माझ्यासमोरच कळवलं. चांगला पोरगा आहे. त्याचंही नुकसान केलं मी.

वर येऊन शेवंतीसमोर मोजा काढला. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. खाली बसली, पाय हातात धरला, आणि सगळं ऐकून घेतलं. पेढ्यांपासून. मग म्हणाली, "परक्या पोरीला पाय दाखवलात. मला नाही दाखवलात."

त्यापेक्षा ओरडली असती तर!

बुधवार, १९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी जखम साफ केली. तेव्हाही दुखलं नाही. मी मुद्दाम वाट बघत होतो दुखायची. पाय वाचेल म्हणाले, करंगळीचं सांगता येत नाही. "चार दिवस बंद बूट घालून फिरला असतात तर वेगळं बोललो असतो." शेवंतीने तिथल्या तिथे हात जोडले. डॉक्टरांना नाही, वर कुठेतरी.

महिनाभर चालणं बंद.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेवंती म्हणाली, "त्या पोरीला तोंडाने सांगितल्याशिवाय तुम्हाला अन्न गोड लागायचं नाही. चला." रिक्षा केली. सगळ्या वाटेने पाय तिच्या मांडीवर.

बाळकुमला चहूकडे टॉवर. मधेच जुनं गाव, बैठी घरं, रंगवलेला क्रॉस, त्याला ताजा झेंडूचा हार. मागच्या घराच्या ओट्यावर एक माणूस खुर्चीत बसलेला. लुंगीखाली एकच पाय.

"ब्रेंडा आहे का?"

"काम बघायला गेलीय. मी डेनिस, तिचा बाप. बसा ना. तुम्ही कोण?"

शेवंतीने कोपर मारलं. "दुकानातलं... गिऱ्हाईक."

"अच्छा!" डेनिस मोठ्याने हसला. "बूट मिळाले ना? एकाला दिले नाही म्हणून घालवली तिला. येडी पोरगी! तिच्या साहेबाला मी म्हणालेलो, मला एकच बूट लागतो, अर्ध्या किमतीत दे. तेव्हापासून तो माझ्यावर खार खाऊन होता!" मग माझ्या पट्टीकडे बघितलं. हसू कमी झालं. "शुगर?"

मान हलवली.

"माझी पण करंगळीच होती. मी पण म्हणायचो, दुखत नाय. हिने सांगितलेलं, डॅडी, दाखवून या. मी म्हटलं, संडे होऊ दे." त्याने लुंगी सारखी केली. "सांभाळा, दादा."

तेव्हा तरी सांगायचं! नाही सांगितलं. शेवंतीने आमचा नंबर लिहून दिला, म्हणाली, "पोरीला सांगा, डोंबिवलीहून आलो होतो." रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "खोटं गिऱ्हाईक म्हणून दुकानात गेलात. त्यांच्या ओट्यावरही खोटंच!"

खरं आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

ब्रेंडाचा फोन आला. मी लगेच म्हणालो, "पोरी, तो चेकिंगवाला मीच."

"माहितीय, आजोबा."

"मितेशने सांगितलं?"

"कोण मितेश? तुम्ही तीन प्रश्न एका दमात विचारले, नाव दोनदा वाचलंत. मी खाली बसायच्या आधीच ओळखलेलं, हे चेकिंगवाले."

मोजा काढायच्या आधी!

"मग अगं, दोन वेळा सर म्हणायचंस. बूट दाखवायचेस!"

"दाखवणारच होते. सगळं पाठ आहे मला. मोजा काढला आणि राहून गेलं." मग तिनेच विचारलं, "पाय कसा आहे?"

मी फोन पुढे केला. शेवंतीने तो घेतला.