सूर्य गेला, मामा!

४ फेब्रुवारी १९३८, निपाणी

या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही! इंटरपर्यंत शिकलेला माणूस मी. सकाळी आप्पांना म्हटलं, वखारीचं दार बदला, वारा शिरतोय, तंबाखूचा भुगा होईल. "हूं." बस्, हूं! तेवढ्यात आक्काची रत्नी, तीन वर्षांचं शेंबडं पोर, कावळ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्याची आई ह्याला न्हाऊ घालत न्हाय." आप्पा पोट धरून हसले. आईनं पदरानं डोळे पुसले. मग शेजारच्या बायकांना हाका मारून पोरीकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. तीनदा!

आक्का दुसऱ्या बाळंतपणाला सदलग्याहून आली आहे. सासरी कानडी, इथं मराठी. पोर दोन्ही एकाच घासात कालवते. "दूध बेड." बेड म्हणजे नको. अंघोळ बेड. कालपासून — "मामा बेड." मी बेड!

६ फेब्रुवारी

तिचं नवं खूळ. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, मग चूल बंद. आक्कानं तिला शिकवलंय, सूर्य गेला की खायचं न्हाय. तर ही बया रोज सांजचं लाडू घेऊन उंबऱ्यावर बसते आणि सूर्यावर ओरडते — "थांब रं! माझा राहिलाय अजून!"

आज तो थांबला नाही. आक्कानं लाडू काढून घेतला. भोकाड! "त्याला घाई कसली लागलीया?"

मलाही त्याला तेच विचारायचं आहे. तो रोज जातो, आणि गुणाचं लग्न ठरायची वेळ एका दिवसानं जवळ येते.

७ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. समोरच्या चंद्रप्पांची गुणा. कॉलेज तिच्यापायी सोडलं. कोल्हापुरात कानावर आलं की तिला चिकोडीच्या वकिलाचं स्थळ येतंय. त्याच रात्री ट्रंक भरली. घरी तब्येतीची सबब सांगितली. दीड महिना झाला. तिच्याशी अजून एक शब्द बोललो नाही!

आज बोलायचंच म्हणून आठ वाक्यं पाठ करून त्यांच्या दारात गेलतो. ती बाहेर आली. मी म्हणालो, "रत्नी हाय काय इथं?"

रत्नी माझ्याच खांद्यावर बसलेली होती.

गुणा तोंडाला पदर लावून आत पळाली. मघापासून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय. आणि ही तीन वर्षांची पोर दिवसभर तिच्या मांडीवर लोळते, तिच्याकडून वेण्या घालून घेते! न्याय आहे का कुठं?

८ फेब्रुवारी

दिवसभर माळावर बसून राहिलो. परतेपर्यंत अंधारलं. चूल बंद. आप्पा म्हणाले, "वेळ चुकली. आता पाणी बी न्हाय." नको तुमचं पाणी! खोलीत जाऊन बसलो.

तोच रत्नी आली. परकराच्या ओच्यात केळीच्या पानात गुंडाळलेली भाकरी, वर शेंगाची चटणी.

"गप. खा."

खाल्ली. पोर समोर मांडी घालून बघत राहिली.

"मामा, सूर्य न्हाय."

"म्हाईत हाय."

"चांदोबा बी रात्री खातो. बघ, पोट वाढलंय त्याचं."

आक्काचंच काम! तोंडानं फटकारते आणि मागल्या दारानं भाकरी धाडते. विचारलं नाही, विचारलं तर आप्पांच्या कानी जाईल. चटणीत गूळ नव्हता, आमच्याकडं घालतात. दिवस गेलेल्या बाईची जीभ बदलत असावी.

९ फेब्रुवारी

उशीर. भाकरी.

१० फेब्रुवारी

आजही. आज दोन.

११ फेब्रुवारी

आक्कानं ओळखलं! म्हणाली, "मांजरागत त्या दाराभोवती फिरतोस, मला दिसत न्हाय व्हय? आप्पास्नी मी सांगते." आप्पा आधी कडाडले — "बी.ए. सोडून हे धंदे?" मग जोडे घालून समोर गेले. चंद्रप्पा उद्या आमच्याकडं जेवायला येणार!

त्यांचं एकच म्हणणं आहे. वकिलाएवढी ऐपत नसली तरी चालेल, पण पोरगा धर्मानं राहणारा पाहिजे. "कॉलेजात जाऊन दिवस बुडाल्यावर खायला शिकतात, तसला नको."

तीन रात्री मी तेच केलं! पण आक्का काय सांगणार आहे थोडीच!

१२ फेब्रुवारी

आक्का बोलली नाही.

ऊन ओसरीवर होतं. पंगत बसली. आईनं कटाची आमटी केली होती. चंद्रप्पा खुशीत. रत्नीला जवळ ओढून म्हणाले, "काय गं, वेळेवर जेवतीस न्हवं?"

"मी जेवते. सूर्य असताना. मामा न्हाय."

"म्हंजे?"

"मामा अंधारात खातो. चांदोबागत."

आमटीचा वाडगा आईच्या हातात तसाच राहिला. चंद्रप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं काय रं, जिनपाल?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडातून निघालं, "व्हय." कुणी दिलं म्हणून आप्पा गरजले. आक्काचं नाव घेतलं नाही.

चंद्रप्पांनी अर्ध्या ताटावर हात धुतला. आप्पांना म्हणाले, "येतो, नेमाण्णा." गेले.

हसा म्हणावं आता! बोलवा शेजारच्या बायकांना! आज कुणीच पोरीकडून ते पुन्हा वदवून घेतलं नाही.

१३ फेब्रुवारी

चिकोडीकर बुधवारी मुलगी बघायला येतात. सुपारी त्याच दिवशी फुटेल म्हणतात.

रत्नीशी बोलणं बंद केलं आहे. ती खोलीच्या दारात उभी राहिली. हातात लाडू, चोखून चोखून अर्धा केलेला. "मामा, रुसू नको. हा घे. ओला हाय, पण गोड हाय."

बेड म्हणालो.

१५ फेब्रुवारी

आज आक्कावर तुटून पडलो. भाकऱ्या तू धाडल्यास, मी भर पंगतीत तुझं नाव गिळलं, आणि तू गप्प बसून तमाशा बघितलास!

आक्का उसळली. "मी? ह्या पोटानं मला परसापर्यंत चालवत न्हाय. अन् दिवस बुडाल्यावर आप्पांच्या घरात मी भाकरी दीन? खूळ लागलंय तुला?"

रत्नीला समोर बसवलं. "भाकरी कुणी दिलती?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"लाडू देतो."

"बेड!" हाताआडून. "न्हाय सांगणार. गुणाक्का म्हणली, मामाला सांगायचं न्हाय."

साऱ्या गल्लीला सगळं सांगणारी ही पोर! आणि एवढं एक आठ दिवस पोटात ठेवून होती.

दिवस अजून हातभर वर आहे. चंद्रप्पा ओसरीवर बसलेले दिसतात. जातो.

रत्नी म्हणते, मी बी येणार. येऊ दे. बोलायला कुणीतरी पाहिजे.