फरशीवाल्याचा पत्त्यांचा डाव

आदरणीय साडूभाऊंना, कमरेला पट्टा असल्यामुळे अर्धाच वाकून, पण पूर्ण मनाने केलेला नमस्कार.

तुमचा खोकला बसला असेल, ताईंचे गुडघे जिना मानू लागले असतील आणि शेजाऱ्याशी चाललेलं कुंपणाचं भांडण निदान सभ्य भाषेपर्यंत आलं असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. मला एका हॉलमधून बाहेर काढलं ही बातमी आमच्या हिने ताईंना फोनवर दिली, ती खरी आहे. ‘दंडाला धरून’ एवढं मात्र तिने पदरचं घातलं. मी माझ्या पायांनी बाहेर आलो. तुमचे चिरंजीवही तुम्हाला तसल्याच एका स्पर्धेला नेणार आहेत असं कळलं, म्हणून सविस्तर लिहितो. ठेच मला लागली आहे, शहाणे तुम्ही व्हा.

हे पत्ते म्हणजे आपले राजा, राणी, गुलाम नव्हेत. एकेका पत्त्यावर राक्षस, वादळ नाहीतर बुरूज असतो आणि त्याने काय काय करायचं ते खाली मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं (जवळचा चष्मा न्या). लोक हे पत्ते जमवतात, आपसात बदलतात आणि त्यांतले साठ निवडून समोरासमोर बसतात. दोघांनाही सुरुवातीला वीस प्राण मिळतात, ज्याचे आधी संपले तो हरला. आमच्या कन्येला याचं वेड. तिचं म्हणणं, दुकानाचा वरचा मजला मला द्या, तिथे टेबलं टाकून मी हा खेळ चालवते. माझं म्हणणं, डोक्यावरून फरशा वाहून मी तो मजला चढवला तो राक्षसांच्या सोयीसाठी नव्हे. शेवटी तिनेच पैज सुचवली. मी स्पर्धेत उतरायचं. एक डाव, फक्त एक, जिंकलो तर तिने विषय कायमचा सोडून माझ्याबरोबर दुकानात बसायचं, नाहीतर मजला तिचा. मला वाटलं, पोरगी भोळी आहे, आईवर गेली.

तिने मनापासून शिकवलं, हे कबूल करतो. मी आधी सापडतील तेवढे सगळे पत्ते गठ्ठ्यात भरले होते (माल भरपूर असला की गिऱ्हाईक परत जात नाही), तेव्हा तिने समजावलं की जास्तीच्या मालाखाली हवा तो पत्ता हाताला लागतच नाही. मग साठावर आलो. सगळ्या पत्त्यांना सारखी प्लास्टिकची पाकिटं घालावीत, फाटकं पाकीट म्हणजे खूण केल्याचा संशय, हेही तिनेच सांगितलं.

पहिला डाव मी सवयीने घालवला. पेटीच्या वरच्या थरात निवडक माल लावायची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. तशी मी उत्तम पत्त्यांची मांडणी करून गेलो. तिथे समोरचा आपला गठ्ठा हातात घेऊन पुन्हा पिसतो आणि वर पंचांना बोलावतो. पंच म्हणजे एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी डाव समोरच्याला देऊन मला ताकीद दिली, तीही अशा आवाजात की मी आपोआप आ केला. दुसरा डाव एका औषधवाल्या बाईंनी मी चष्मा पुसत असतानाच संपवला.

तिसरा आणि शेवटचा डाव भूल देणाऱ्या डॉक्टरांशी पडला. माणसाला झोपवणं हा त्यांचा धंदा, आणि ते खेळतातही त्याच बेताने. पण साडूभाऊ, आपण फरशी बोटाने वाजवून आतला तडा सांगणारी माणसं. थोड्या वेळात माझ्या लक्षात आलं की त्यांचे भारी राक्षस सगळे चमकीच्या पत्त्यांवर आहेत, आणि चमकीचा पत्ता गठ्ठ्यावरून उचलताना जरा कोरडा वाजतो. तो आवाज आला की मी माझं दगडी कासव आडवं घालायचो. मनाला बरं वाटेना म्हणून मी पंचांना विचारून घेतलं, की ऐकलेलं चालतं का. त्यांनी विचार केला आणि कान बंद ठेवा असं नियमांत नाही म्हणाल्या. (तुम्ही चमकीचे पत्ते घालू नका.)

अखेर त्यांचे दोन प्राण उरले आणि माझ्या हातात तीन प्राण घेणारी वीज आली. नुसती खाली ठेवायची होती. मजला माझा, पोरगी दुकानात. एवढ्यात मी मान वर केली. डॉक्टरांचा चेहरा हुबेहूब भाव न जमल्यामुळे पायऱ्या उतरणाऱ्या गिऱ्हाइकासारखा झाला होता. आयुष्यात मी कोणाला तसल्या चेहऱ्याने जाऊ दिलेलं नाही. तोंडातून निघून गेलं, “जाऊ द्या डॉक्टर, आता इथेच सोडा. बाथरूमला फरशी लागली की दुकानात या, खरेदीच्या भावात देईन.”

डॉक्टरीणबाई मागेच उभ्या होत्या. डाव सोडण्याबद्दल समोरच्याला काहीही देऊ केलं की माणूस जागच्या जागी बाद, असा नियम आहे. मी म्हटलं, बाई, मी जिंकत होतो, जिंकणारा कशाला लाच देईल? त्या म्हणाल्या, मलाही तेच कोडं पडलंय, पण नियम कारण विचारत नाही. डॉक्टर सज्जन, माझ्या बाजूने बोलायला उठले आणि म्हणाले, मला खरंच फरशी हवी आहे. त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

बाहेर पायरीवर कन्या चहा घेऊन उभी होती. मी विचारलं, सगळे नियम सांगितलेस, हाच कसा राहिला? ती पेल्यात फुंकर घालत म्हणाली, “बाबा, बाकीचे तुम्ही चुकून मोडाल म्हणून सांगितले. हा तुम्ही मोडणारच होतात.”

मी चहा पिऊन टाकला. तीस वर्षं गल्ल्यावर बसून मी माणसं वाचली, आणि माझ्याच घरात कोणीतरी मला वाचत होतं. पोरगी आईवर गेलेली नाही. दुकानात बसली असती तर मला माझ्याच दुकानात उभं राहावं लागलं असतं. मजला मी राजीखुशीने दिला, असं ताईंना सांगावं.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : पत्र लिहायचं मुख्य कारण राहिलंच. तुम्ही ‘आठवडाभरासाठी’ म्हणून आणून ठेवलेले सहा बाथटब अजून वरच्या मजल्यावर आहेत. ते शुक्रवारपर्यंत न्यावेत.

आणखी ता. क. : आताच वर जाऊन आलो. कन्येने एका टबावर फळी टाकून पाहिली आहे, टेबलाची उंची तंतोतंत जमते म्हणाली. मी म्हटलं, काकांचा माल असा परस्पर कसा घेशील? म्हणाली, परस्पर नाही, काका टब न्यायला आले की त्यांच्याशी फक्त एक डाव खेळेन. साडूभाऊ, तुम्ही स्वतः येऊ नका. नुसता टेम्पो पाठवा.