घोडा उधळला नाही

वलिदिया,
शुक्रवार, १९ एप्रिल

परमस्नेही सी बुशाइब यांस आदरपूर्वक सलाम.

आपला गुडघा आता वळत असेल आणि घरी सर्वांची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा बाळगून प्रथम एक दुरुस्ती करतो. आपले चिरंजीव झुहैर यांनी आपणांस कळविले की, अदहम खाडीत उधळला व त्याने मला पाडले. त्यावरून आपण त्या वृद्ध घोड्यास येत्या गुरुवारच्या बाजारात विकण्याचे ठरविले आहे. या वृत्तान्तातील 'खाडी' एवढा एकच शब्द बरोबर आहे.

वस्तुस्थिती अशी. किनाऱ्याच्या पायवाटेने आम्ही निघालो होतो. मी अदहमवर, झुहैर सायकलवर (वाळूत बहुतांश काळ सायकलच झुहैरवर होती). ओहोटीने उघड्या पडलेल्या पट्ट्यावर त्याने रोहित पक्ष्यांच्या थव्याकडे बोट करून म्हटले, "काका, करकोचे बघा!" मी घोडा थांबविला आणि चोच, मान व पाय या क्रमाने त्यास फरक समजावू लागलो. "काका, पाणी चढतंय," असे तो दोनदा म्हणाला. परंतु मी अद्याप चोचीवरच होतो. अखेर तो मदत आणावयास मागे पळाला. मी मात्र चोचीचा बाक दाखविण्यासाठी काठी आकाशाकडे उगारली.

जो घोडा बारा वर्षे जत्रेच्या दौडीत आपल्या पथकातून धावला, त्याच्या पाठीवर बसून हात उंचावण्याचा अर्थ काय, हे आपणांस, त्या पथकाच्या नायकास, मी काय सांगावे? अदहम झेपावला. पाणी कापीत त्याने पैलतीर गाठले. दौड संपते ती पथकाच्या बंदुका एकदम उडाल्यावर, म्हणून थांबण्यासाठी त्यास बंदुकांचा बार हवा होता. माझ्याजवळ चष्म्याचे घर होते. सुदैवाने शिंपले वेचणाऱ्या मिलूदाबाईंनी भिऊन दोन घमेली एकमेकांवर आपटली. घोडा तत्क्षणी थांबला. मी थोडा पुढे गेलो.

"अहो मास्तर, एकटेच? बाकीचं पथक कुठं सांडलंत?" असे विचारीत त्यांनी मला शेवाळातून उपसले, आपल्या यजमानांचा कोरडा झगा दिला, जवाची गरम पेज पाजली. नंतर मागे बोट दाखविले. माझ्या व्याख्यानाच्या जागी लाटा फुटत होत्या. "तिथंच बोलत राहिला असतात ना, तर आज माशांची शाळा भरली असती!" या वाक्यात मला एकही दुरुस्ती सुचली नाही.

चाळीस वर्षे मी वर्गात हात उंचावला. इतक्या तत्परतेने एकाही विद्यार्थ्याने आज्ञा पाळली नाही. आज मी हे पत्र लिहीत आहे, ते अदहममुळे. त्याला तसे घडविणारे आपण. म्हणून आपलाही मी ऋणी आहे.

आपला उपकृत,
मुफद्दल तिबारी

ता. क. झुहैरने दुरून ऐकलेली किंकाळी घोड्याची नव्हती.

दुसरा ता. क. अदहम "उद्या परत पाठवितो" असे मी रविवारपासून रोज कळवीत आहे. तो माझ्या अंगणात अंजिराखाली बांधलेला आहे, आणि दाराला आतून कडी आहे.

तारखांची दुरुस्ती:

खाडीतील प्रसंग: सोमवार नव्हे, रविवार, १४ एप्रिल.

मी अंथरुणातून उठलो तो दिवस: झुहैरचे "अजून नाही" हे असत्य, सोमवार, १५ एप्रिल, न्याहारीस.

मिलूदाबाईंच्या घरी आभारादाखल साखरेची शंकूच्या आकाराची ढेप घेऊन गेलो: मंगळवार, १६ एप्रिल (याचा झुहैरच्या पत्रात उल्लेखच नाही).

अदहमच्या विक्रीचा दिवस: गुरुवार, २५ एप्रिल नव्हे. कोणताही नव्हे.