सुट्या कोयत्यांच्या ऑर्डरी

११ जानेवारी
सकाळपासून कामरगावच्या बाजारात बसलो. मी आणि माझे दीर, भाऊजी. दोन खुरपी आणि एक विळा, एवढंच गेलं. समोरचा कापडवाला दुपारीच गाठोडं बांधून उठला. जो तो मंदी म्हणतो. आमच्या लोहारकामावर मंदी हार्वेस्टरवर बसून आली. सोयाबीन काढायला आता विळा लागत नाही. एक मशीन शेतात शिरतं, शंभर हातांचं काम खातं आणि पुढच्या गावाला जातं.
भाऊजी म्हणाले, "भट्टी इझवा वहिनी. मी पुण्याले जातो वॉचमन म्हणून."
लोखंड ते ठोकतात, धार मी लावते. एक गेला तर दुसऱ्याच्या हातात काही उरत नाही.
माझ्या लेकीनं, मंजूनं, कॉलेजातून आल्यावर मोबाइलवर पहिला व्हिडिओ टाकला. मी विळ्यानं गवत कापते आहे. चाळीस जणांनी पाहिला. निम्मे नातेवाईक.

२० जानेवारी
कारंज्याला बचत गटाच्या बायकांचं प्रशिक्षण. विषय, मंदीत ऑनलाइन धंदा वाढवा. पापडवाल्या, मसालेवाल्या, एक गोधडीवाली, आणि लोहाराच्या घरची मी एकटी. सर म्हणाले, मंदीत मोठे लोक जाहिरात आवरतात, तेव्हा लहानांना जागा मिळते. पटलं. मग म्हणाले, पहिल्या तीन सेकंदांत धक्का बसला पाहिजे, नाहीतर बघणारा अंगठ्यानं तुम्हाला ढकलून देतो. तेही लिहून घेतलं.
चौथीनंतर मी जे शिकले ते ग्रामपंचायतीच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून. त्यांत धक्का शेवटी असतो.

२८ जानेवारी
हार्वेस्टरच्या एजंटाशी भाऊजींचं भांडण. तो चारचौघांत म्हणाला, "लोहारदादा, तुमच्या भट्टीचं आता म्युझियम करा." भाऊजी तसेच घरी आले.
दिवाळीआधी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी केलेल्यांतले दोन कोयते पडून होते. त्यांनी एक उचलला. परसात भोपळा टांगलेला. एकच घाव. अर्धा भोपळा मंजूच्या पायाशी, बिया तिच्या ओढणीवर. मग दुसरा भोपळा. मग केळीचं खोड. मग पाण्यानं भरलेली बाटली. मंजू शूट करत होती. मी थांबवलं नाही. मलाही आतून बरं वाटत होतं, हे इथं लिहून ठेवते.

३० जानेवारी
लाखाच्या वर लोकांनी पाहिलं. मंजू मला धरून गोल फिरली. भाऊजी खाली लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते. कडक. खतरनाक. हत्यार असावं तर असं.
आमच्या घरात याला कधी कोणी हत्यार म्हटलेलं नाही.

१४ फेब्रुवारी
ऑर्डरी येऊन राहिल्या. सगळ्या कोयत्याच्याच. विळा, खुरपं कोणी विचारत नाही.
मला खटकतं ते असं. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी जाते. मुकादम कोयते नेतो ते जोडीनं, भादव्यात नाहीतर दसऱ्याच्या आसपास, आणि मूठ न लावता. मूठ ज्याची तो आपल्या हाताच्या मापानं बसवतो. या ऑर्डरी ऐन माघात, शहरांतून, एकेक सुटा कोयता. मूठ लावून हवी. एकाला मुठीला काळा रंग हवा. एकाला पातं चार बोटं जास्त लांब हवं.
भाऊजींना म्हटलं.
"तुमाले कायले पायजे चौकशी? भाजीवाला इचारते का, वांगं कोनाले खाऊ घालता म्हणून?"
मंजू हसली. मीही हसले.

२ मार्च
एकानं मेसेज केला, हड्डी कटेगा क्या. मी लिहिलं, ऊस कापतो. त्यानं हसरी तोंडं पाठवली आणि ऑर्डर दिली. पार्सल मीच बांधलं. पत्ता माझ्या अक्षरात आहे.

१७ मार्च
यांना जाऊन आज तीन वर्षं. धारेचा दगड फिरता फिरता फुटला, तुकडा गळ्यात बसला. मी समोर उभी राहून दगडावर पाणी सोडत होते. पाणी किती वेळ सोडत राहिले ते आठवत नाही. पुढच्या महिन्यात नवा दगड आणला आणि मीच बसले. दुसरं कोण बसणार होतं.
या दिवशी दरवर्षी चाक बंद असतं. आज अकरा पार्सलं निघायची होती. लावली धार. रागात लावली. फार चांगली लागली.

२४ एप्रिल
धनजला काल हळदीत डीजेपुढे पोट्ट्यांची मारामारी झाली. कोयता निघाला. सुधाकर म्हणून एक माणूस, तीन एकर, दोन म्हशी, कोणाच्या घेण्यात नाही देण्यात नाही, सोडवायला मधे गेला. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. हात म्हणे डीजेच्या गाडीखाली सापडला, आणि गाणं कोणी बंदच केलं नव्हतं. बाजारात लोक हातवारे करून सांगत होते. एकजण दोनदा सांगत होता.
जेवले नाही. मंजूनं विचारलं, काय झालं आई. म्हटलं, ऊन लागलं.

२६ एप्रिल
पोलीस आले. दोघं. प्लास्टिकच्या पिशवीत कोयता. मुठीजवळ पात्यावर तीन ठिपके, यांच्या वेळेपासूनचा आमचा ठसा. रक्त वाळून काळं झालेलं. धार जशीच्या तशी, कुठे मुडपलेली नाही.
"मावशी, तुमचंच काम ना हे?"
"हो."
मंजूनं मोबाइल उघडून ऑर्डर काढली. नाव, पत्ता. माघातलीच. साहेबांनी उतरवून घेतलं. म्हणाले, शेतीचं अवजार आहे, तुमच्यावर काही नाही, घाबरू नका. उठता उठता भिंतीला टेकलेल्या कोयत्यांकडे बघत राहिले.
"पन मावशी, इतके कोयते. आपल्या भागात ऊस कोठी हाये?"

२९ एप्रिल
त्या कोयत्याचा फोटो मोबाइलवर सगळीकडे फिरतो आहे. ठिपके स्पष्ट दिसतात. लोक ठिपक्यांवरून आम्हाला शोधत आले. ऑर्डरींवर ऑर्डरी. एकानं लिहिलंय, धनजवाला पीस पायजे, सेम.
मंजूनं मोबाइल माझ्या मांडीवर टाकला. मी म्हटलं, सगळे व्हिडिओ काढ. तिनं काढले. भाऊजींना कळलं. आले आणि तिच्या थोबाडीत मारली.
"धंदा तुह्या बापानं नाई वाढवला. म्या वाढवला."
मी हातातला चिमटा फेकून मारला. खांद्याला लागला. नेम डोक्याचा होता.

३ मे
आज भर दुपारी मोटरसायकलवर तिघं आले. धरलेल्या पोराचे दोस्त.
"पोलिसाले नाव कोनं देल्लं?"
आमची पाटी लाथेनं तोडली. कोळसा उधळला. दोघांनी भाऊजींचं तोंड ऐरणीवर दाबून धरलं, तिसऱ्यानं घण उचलला. भट्टीत पातं लाल झालेलं होतं. मी ते चिमट्यानं काढलं आणि घणवाल्याच्या डोळ्यांपुढे नेलं. त्याच्या भुवया जळाल्याचा वास आला.
म्हटलं, "म्या देल्लं नाव. तुहंबी देतो. सांग काय हाये ते."
त्यानं घण हळू खाली ठेवला. गेले. जाताना कोळशाच्या टोपलीवर थुंकले.
मी आणखी बोटभर पुढे गेले असते. थांबले ती दया म्हणून नाही. लोखंड काळं पडत चाललं होतं, इतकंच.
भाऊजी उठले. गालावर ऐरणीचा कोपरा उमटलेला. मंजूला म्हणाले, "तुले कोठी लागलं नाई ना?" थोबाडीत मारल्यानंतर चार दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले. ती म्हणाली, "तुमचंच लागलं होतं काका, अजून हाये." ते हसायला गेले, तोंडातून रक्त आलं.

११ जून
वाटलं होतं, आता पुरे झालं. भाऊजींनी मोबाइलवर आपल्या नावानं नवं पान उघडलं आहे. नवे भोपळे कापले. एकाच माणसाची साठ कोयत्यांची ऑर्डर. गाडी घेऊन स्वतः येणार. बयाणा म्हणून आगाऊ पैसेही घेतले.
विचारलं, "साठ म्हणजे तीस जोड्या का?"
"असन."
"जेठात?"
"वहिनी, भट्टी चालते तवर चालू द्या. नाईतं मंजूचं कॉलेज तुमी पुस्तकं वाचून भरा." मग खाली बघून, "मले पुण्याले नाई जायचं वहिनी. अठी माहं काही तरी नाव झालं."
हे त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं.

२८ जून
साठही ठोकून झाले. बोथटच, भिंतीला रांगेनं. धार माझी बाकी आहे. रोज सांगतात. रोज म्हणते, हात दुखतो. हात दुखत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

२ जुलै
सुधाकर आला. बायको सोबत. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण बाहीवरून ओळखलं. ती दुमडून पिनेनं टाचलेली होती.
डाव्या हाताचा विळा हवा आहे. विळ्याची धार एकाच अंगानं असते. उजव्या हातासाठी केलेला डाव्यात धरला की गवतावरून घसरतो. दुकानात डावा मिळत नाही. "म्हशीचं गवत कापता येत नाई. हे एकली किती करन?"
मी म्हटलं, "तो कोयता कुठला होता, माहीत आहे ना तुम्हाला?"
"मालूम हाये. म्हनूनच आलो. त्याची धार चांगली होती."
बायको म्हणाली, "या मानसाले बोलाचा काही धाकच नाई."
तो हसला. मी पाणी आणायला आत गेले आणि माठाशी उभी राहिले. भाऊजी परसात गेले ते तो जाईपर्यंत आले नाहीत.

६ जुलै
पहिला विळा वाया गेला. तीन वर्षांची सवय, हात आपोआप जुन्याच अंगानं घासतो. दुसरा भाऊजींनी स्वतःहून ठोकून दिला. उलट्या अंगानं बसून धार लावली, पाठ धरली.
सुधाकरनं भट्टीमागचं गवत कापून पाहिलं. अडखळत, मग बरं. मंजूनं विचारलं, शूट करू का.
"करा ना. मंदी हाये. तुमचा धंदा चालला पायजे."
हे तो टोमणा म्हणून बोलला की खरंच, ते कळलं नाही. त्याच्या बायकोलाही कळलं नसावं. तिनं त्याच्याकडे बघितलं.

८ जुलै
तीनशे लोकांनी पाहिलं. काहींनी ओळखलं. हाच का तो. एकानं लिहिलं, आता टाळ्या कशा वाजवन. मंजूनं ते काढलं. तो पुन्हा लिहून गेला.
आणि डाव्या विळ्याच्या तीन ऑर्डरी. एक किन्हीराजाच्या बाईची. तिचा उजवा हात थ्रेशरनं नेला. अकरा वर्षं डाव्या हातात उजवा विळा धरून शेत करते आहे. लिहिते, असं कोणी बनवते हे मले मालूमच नव्हतं.
मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "तीन." चहा प्याले, मग म्हणाले, "गाडी परवा दुपारी येते. तुमी धार नका लावू. बोथटच नेतीन ते. धार कोठीबी लागते वहिनी."
यात खोटं काही नाही. दिवसभर त्यातलं खोटं शोधत होते.

१० जुलै, सकाळी
मंजू कॉलेजला गेल्यावर एक कोयता ऐरणीवर आडवा घातला आणि घण मारला. तुटला नाही. पुन्हा मारला. वाकला, झणकला, सरळ झाला. माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. पातं तापवून पाण्यात कधी बुडवायचं हे यांनीच भावाला शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं. तिसरा घाव मारताना मी रडत होते आणि मला अभिमानही वाटत होता.
तोडून होणार नाही. एकच रस्ता आहे. परत लाल करायचे आणि राखेत सावकाश निवू द्यायचे. मग ते मऊ पडतात. कोणी कशीही धार लावली तरी पहिल्याच घावाला दुमडतील.
भट्टीत एका वेळी तीन बसतात. गाडी दुपारी येईल. पहिले तीन आत घातलेत. ते लाल होईपर्यंत हे लिहिते आहे.
भाऊजी आले. दारात उभे आहेत. आत काय आहे ते त्यांनी पाहिलं.
"वहिनी, ते लोक कोन हायेत मालूम हाये का तुमाले? त्याईले काय सांगू मी?"
म्हटलं, "मालूम आहे म्हणूनच."
भट्टीला वारा देणाऱ्या पंख्याचं बटण त्यांच्या खांद्याशी आहे. त्यांनी हात वर नेला. बटणावर ठेवला.
पंखा अजून फिरतो आहे. पाती लाल होत आली.