पायरी चौदावी : नाही जमलं तर मला फोन कर

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (त्यातली सात अंगं आत्ता घे. आठवं म्हणजे डावा गुडघा, तो बरा झाला की पाठवतो.) इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? शिलाई मशीनसमोर उशी घेऊन बसतेस, की 'उशी म्हाताऱ्यांना लागते' हेच अजून चालू आहे? पूर्वी 'फोटो जात नाही रे' म्हणून दर रविवारी सकाळी दहा वाजता तुझा फोन यायचा आणि ही उत्तरं मला न विचारता मिळायची. गेले अकरा रविवार तुझा फोन नाही. मी केला तर 'सगळं नीट चाललंय, तू लिहिलेलं वाचते, तू कामात असशील' एवढं बोलून चाळीस सेकंदांत ठेवून देतेस. म्हणून पत्र. चाळीस सेकंदांत माझं पत्र कोणाचंच वाचून झालेलं नाही.

शिवाय एक कबुली द्यायची आहे. तुझा चष्मा फ्रिजवर असतो, हे आता फार लोकांना कळलं आहे. कसं ते सांगतो. रागवायचं ते शेवटी एकदम रागव, मध्ये मध्ये रागावलीस तर माझा धागा तुटतो.

मी ऑफिसात काय करतो हे तू शेजारणींना 'कंप्युटरचं काहीतरी' असं सांगतेस, आणि त्यात चूक काही नाही. आम्ही फोटो पाठवायचं अ‍ॅप बनवतो आणि ते वापरताना जो अडेल त्याच्यासाठी मदतीची पानं मी लिहितो. मध्यंतरी आमच्या मॅडमनी भिंतीवर हातभर अक्षरांत 'वापरणारा आधी' असं लावून घेतलं. मग आठवडाभर बैठका. वापरणाऱ्याला काय हवं असतं यावर आम्ही नऊ जण टेबलाभोवती तावातावाने भांडलो, पण नऊ जणांत वापरणारा एकही नव्हता. शेवटी फळ्यावर एक काढला. त्याला टाय दिला, चौतीस वय दिलं, पोहण्याची आवड दिली (ही मॅडमची सूचना, त्या स्वतः पोहतात). त्याच्यासाठी मी लिहिलं, 'इच्छित छायाचित्राची निवड करून योग्य त्या पर्यायाची निश्चिती करावी.' फळ्यावरच्या गृहस्थाने तक्रार केली नाही. तू मात्र ते पान मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवलंस आणि म्हणालीस, "हे तू लिहिलंस? अरे, लहानपणी तर तुला चांगलं बोलता येत होतं!"

मला ते लागलं, कारण खरं होतं. चाळीस वर्षं तू लोकांचे कपडे शिवलेस. गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यातच ठेवून आधी त्याला उगाच दारापर्यंत चालायला लावायचीस, कुठला खांदा पडतो ते बघायला. टेप खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय काही सांगतही नाही, असं तुझं म्हणणं. भिंतीवर तू काही लावलं नव्हतंस. आता हे सगळं मी त्याच फोनवर बोलायला हवं होतं. त्याऐवजी कामाच्या गडबडीत मी फणकाऱ्याने म्हणालो, 'आत्या, आत्ता वेळ नाही. फोटोचं सगळं नीट लिहून पाठवतो, ते वाच आणि कर.' तू बरं म्हणालीस.

लिहिलं मात्र जीव ओतून. वर 'फक्त आत्यासाठी', खाली चौदा पायऱ्या. पहिली, 'चष्मा घाल. फ्रिजवर बघ.' दुसरी, 'मशीन बंद कर, दोन्ही कामं एकदम नकोत.' सहावी, 'खालचं निळं गोल बटण. वरचं नाही. वरचं तू हट्टाने दाबतेस.' नववी, 'गेला फोटो. गेला म्हणजे गेला, पुन्हा पाठवू नकोस.' आणि चौदावी, 'नाही जमलं तर मला फोन कर.' खाली माझा नंबर. (तुला तो तोंडपाठ आहे, पण लिहायचं तर पूर्ण लिहावं.) हा कागद आणि ऑफिसचं पान मी एकाच फोल्डरमध्ये ठेवलं. मंगळवारी दुपारी तुझा कागद तुला पाठवला, आणि ऑफिसचं पान म्हणून तोच सगळ्या दुनियेलाही पाठवला.

बुधवारी सकाळी पहिला फोन आला. एक बाई म्हणाल्या, फ्रिजवर चष्मा नाही. मी ओशाळून म्हटलं, बाई, तो फ्रिज वेगळा. त्या म्हणाल्या, असू दे, शोधताना हरवलेली किल्ली सापडली. एका गृहस्थांनी काळजीने विचारलं की त्यांना आत्याच नाही, तरी चालेल का. एकाने दुसरी पायरी वाचून शेजारणीची मशीन जाऊन बंद केली, आणि त्या दोघांचं भांडण मला फोनवर सोडवावं लागलं. मॅडमनी बोलावून मला फाडून खाल्लं. तासाभराने पुन्हा बोलावलं, तेव्हा चेहरा पडला होता, कारण तक्रारी निम्म्याने कमी झाल्या होत्या. आता फतवा निघाला आहे की सगळी पानं 'आत्या पद्धती'ने लिहायची. पासवर्ड विसरण्याचं पान 'मामा, आधी खाली बसा' असं सुरू होतं. मामाला अहो म्हणायचं की अरे, यावर समिती बसली आहे आणि अजून उठलेली नाही.

हसलीस ना? मला हे तुला रविवारी सांगायचं होतं. आत्या, दिवसाला तीस तीस फोन येतात आणि प्रत्येक घंटीला मला वाटतं, तूच. अख्ख्या दुनियेने चौदावी पायरी वाचली, तू तेवढी वाचली नाहीस. तुझे फोटो येतात, दर रविवारी, एकच, सरळ, नेमका. पूर्वी एकच फोटो चारदा यायचा आणि प्रत्येकात तुझा अंगठा असायचा. आता अंगठाही नसतो. मी फोटो मोठा करून कडेकडेने बघतो, कुठे तरी असेल म्हणून. मला तुझी फार आठवण येते.

गेल्या रविवारी बरोबर दहाला फोन वाजला. मी असा धावलो की टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा फोडून घेतला (नमस्कारातला तो हाच). एक म्हातारे घड्याळजी होते. म्हणाले, सगळं जमलं, फोटो पोचला. मी विचारलं, मग फोन कशाला? ते म्हणाले, "तेरा झाल्या, चौदावी राहिली होती. घरात बोलायला कोणी नाही, म्हटलं तीही करून टाकू." आम्ही सव्वा तास बोललो. बोलणं संपल्यावर मी तुझ्या चौदा पायऱ्या पुन्हा वाचल्या. जी बाई अख्खी मशीन खोलून डोळे मिटून पुन्हा जोडते, तिला दोन वर्षं एक निळं बटण सापडत नव्हतं, हे मी खरं मानलं! फोटोची तीन मिनिटं असायची आणि मग दीड तास आपण बोलायचो. वापरणाऱ्यांच्या एवढ्या मोठ्या बाता मारणारा मी, तू फोन कशासाठी करतेस हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी तुझी अडचण दूर केली आणि तूच दूर झालीस.

काकांना नमस्कार. उशी घे.

तुझा भाचा

ता. क. : चष्म्याची कबुली द्यायची आहे, असं वर म्हटलं आहे. ते निमित्त.

ता. क. २ : शुक्रवारी मॅडम पानावरून माझा नंबर काढून टाकणार आहेत. म्हणजे येत्या रविवारी दहाला फोन वाजला तर वाजवणारं दुसरं कोणी नसेल. अडचण नसली तरी कर. खोटी काढायचीही गरज नाही.

ता. क. ३ : 'आत्ता वेळ नाही' म्हणालो त्या दिवशी मी कामाच्या गडबडीत नव्हतो. सुट्टी होती, खिडकीत बसून नखं कापत होतो. तुझे अकरा रविवार गेले ते त्यापायी, आत्या, आणि माझेही.