चाफ्याला घातलेलं पाणी

हिंगोली
२ मार्च

लाडक्या जान्हवीस,

तुझ्या नवऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू आली नाहीस. दिवाळीला फोनवर म्हणालीस, "आई, मी लावलेला चाफा पहिल्यांदा फुलला की आम्ही दोघं येऊ." त्या दिवसापासून मी त्या झाडाची चाकरीच धरली.

थंडीत त्याची सगळी पानं गळाली आणि माझा जीव घाबरला. मी रोज बादलीभर पाणी घालत गेले. धुणंभांडी करणाऱ्या सुमनबाई म्हणाल्या, "बाई, काहून एवढं पाणी ओतून राहिल्या? झोपलंय ते. मूळ सडंल न्हाई तर." मी ऐकलं नाही. तुझंही ऐकलं नव्हतं.

आज सकाळी खोड दाबून पाहिलं, तर आतून मऊ लागलं. एकही फांदी धड नव्हती, नाहीतर तीच पुन्हा लावली असती.

दुपारी तुझा फोन आला. "कळ्या आल्या का गं?" असं विचारलंस. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, खोटं बोललात तर त्याच दिवशी कबूल करा. म्हणून हे लिहिते आहे, पण पाकिटावर तुझा पत्ता घालायला हात धजत नाही. मी तुला म्हणाले, "येतायत बाळा, थोडं थांब."

तुझीच,
आई