माझ्या जाळ्या पडत नाहीत

शनिवार, २ ऑगस्ट
मी चिडलेली नाही. आधी लिहून ठेवते, कारण पेन कागदात घुसतंय.

धुराच्या कपाटातली, म्हणजे मी मांस धुरावर भाजते त्या लोखंडी कपाटातली, वरची जाळी कोसळली. ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि सगळं मिळून खालच्या पाण्याच्या घमेल्यात. डुकराचे अख्खे खांदे, वर शेजारणींच्या कोंबड्या. कोळसे फुस्स! माझा नवरा होसेया उकडलेल्या शेंगा खात बसला होता. म्हणतो कसा, अगं, आत माणसं बसवायचीच राहिली की. जन्म गेला माझ्याबरोबर, लोखंडातलं काही कळत नाही. माझा धूर दिसला की शेजारी आपापला तुकडा घेऊन येतात. नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. चार कोंबड्यांचं असं वजन ते किती? खोट जाळ्यांत आहे.

रविवार, ३ ऑगस्ट
होमकमिंग या महिन्याच्या चौथ्या रविवारी. डेट्रॉइट, शिकागोला गेलेली आमची सगळी लेकरं त्या रविवारी अलाबामात परत येतात आणि चर्चच्या अंगणात जेवतात. खांदे व्हरलीनच्या, म्हणजे माझ्या, कपाटातले, हे ठरलेलं. मी तरणी होते तेव्हापासून.

आणि सिस्टर ओझेला, चर्चचं स्वयंपाकघर जिच्या ताब्यात, माझा दंड धरून म्हणते, गेल्या साली राख खाल्ली, यंदा सूप का गं? तुझ्या सुनेकडे दुकानातला नवा स्मोकर, तयार धुराचं कपाट, आहे म्हणे. यंदा पडलं तर पुढे तिलाच सांगू.

मी गोड हसले. तिच्या टोपीवर एवढी पिसं होती, वाटलं हिलाच धुरावर टांगावी. प्रार्थना चालू होती म्हणून वाचली.

बुधवार, ६ ऑगस्ट
जाळ्या तारेनं बांधल्या. अशा पक्क्या, की हत्ती बसेल.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
हत्ती नाही बसला.
हल्लीच्या तारेत दम नाही. हल्ली कशातच नाही. आमच्या आईची कपडे वाळत घालायची तार तीन पोरींच्या लग्नांना पुरली, तिसरीचा नवरा पळाला तरी तार तिथेच. आता जाळ्यांखाली विटा लावल्यात.

शनिवार, ९ ऑगस्ट
विटांबद्दल काही लिहायचं नाही.

रविवार, १० ऑगस्ट
सून आली. कॉर्लिस. पोरगी वाईट नाही, पण बोलते ते बरोबर असतं, तेच सहन होत नाही. कपाटात डोकं घातलं आणि म्हणाली, आई, जाळ्या चांगल्या आहेत. उष्णतेनं पत्रा बाहेर फुगलाय, म्हणून जाळीला बाजूचा आधारच उरत नाही. आरपार लोखंडी सळया घाला, बाहेरून नट लावा, जाळ्या सळयांवर ठेवा. आणि ओझं जरा कमी करा.

मी म्हटलं, हे कपाट बंद पडलेल्या शाळेतून मी स्वतः ओढत आणलंय. त्या शाळेत मी सहावीपर्यंत होते, पुढे कापूस वेचायला गेले. त्याच्या पत्र्याचं मला सांगू नकोस.
ती गेली. जाताना केक ठेवून गेली. चांगला होता. कोरडा होता.

मंगळवार, १२ ऑगस्ट
आज मला एक युक्ती सुचली. आरपार सळया!

गुरुवार, १४ ऑगस्ट
सळया बसल्या. कॉर्लिस कुंपणावरून ओरडली, नट हातानं बसेल तेवढाच आवळा हं, आई! मी पाना घेतला. फुगलेला पत्रा माझ्यासमोर आत यायला लागला. काय सुख सांगू! प्रत्येक आट्याला ओझेलाचं नाव घेतलं.

रविवार, १७ ऑगस्ट
ओझेला म्हणाली, बघू हं. तिच्या त्या ‘हं’साठी घरी येऊन आणखी आवळलं.

बुधवार, २० ऑगस्ट
दार जरा अडतंय. लाथ मारली की उघडतं. नवी गोष्ट अडतेच, होसेयासुद्धा लग्नानंतर वर्षभर अडत होता. तो म्हणतो, थोडं सैल कर. सैल! याच घरात मी हे ऐकायचं!

शुक्रवार, २२ ऑगस्ट
शेवटचं आवळलं. आता भूकंप झाला तरी चालेल.

रविवार, २४ ऑगस्ट, रात्री
जाळी एकही पडली नाही.

खांदे, बरगड्या, शेजाऱ्यांच्या कोंबड्या, पाद्रीसाहेबांची टर्की, सगळं जागच्या जागी. काल संध्याकाळपासून.

दार उघडलं नाही. तापून दारही फुगलं. आधी मी लाथ मारली, मग होसेयानं, मग शिकागोच्या पाच पुतण्यांनी. आत घमेल्यातलं पाणी आटल्याचं ऐकू येत होतं. मग चरबीनं पेट घेतल्याचं. चर्चच्या अंगणात भजन संपलं, मग तेच पुन्हा म्हटलं. शेवटी पहारीनं दार उचकटलं. आतला माल सळयांवर सरळ रांगेत होता. काळाठिक्कर. कॉर्लिसनं घरून दोन खांदे आणले, जास्तीचे करून ठेवले होते म्हणे. माझ्याकडे बघितलं नाही. तेवढं तिचं मानते.

सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. कोरडं नव्हतं.

निघताना ओझेला पुढच्या वर्षीची कामं वाटत होती. आमच्याकडे ज्याच्या स्वयंपाकावर कुणाचा भरवसा नाही, त्याला बर्फ आणायला सांगतात. ती माझ्यापाशी थांबली. टोपी नीट केली. सिस्टर व्हरलीन, म्हणाली, तू बर्फ आण.

मी म्हटलं, किती पिशव्या?